चहाला वेळ असते! पुण्याच्या पंचहौदापासून ओकव्हिलच्या डायनिंग टेबलापर्यंत



पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन वाचायला बसा, पण त्याआधी एकदा घड्याळ बघा. दुपारचे तीन वाजून गेले असतील तर नुसता गवती चहा उकळून घ्या, पत्ती न टाकता. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आपल्याकडे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो. मीही हे कितीतरी वेळा म्हटलंय. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याने मला अडवलं.

झालं असं की आई पुण्याहून सुपर व्हिसावर आली होती. ओकव्हिलचा डिसेंबर तुम्हाला माहीतच आहे, पावणेपाचला अंधार. लेक सहावीत. तो शाळेतून आला की आजी आलं घालून चहा टाकायची आणि त्यालाही अर्धा कप द्यायची, खारी बुडवून खायला. मी सातच्या सुमाराला ब्रॉन्टे स्टेशनवर गो ट्रेनमधून उतरून घरी आले की दुसरा राउंड, आणि लगेच जेवण. आजी-नातवाचं ते चहाचं सूत बघून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. इथे वाढणारं पोर बशीत चहा ओतून फुर्र करून पितंय, अजून काय पाहिजे?

पण पोर रात्री अकरापर्यंत टक्क जागं. सकाळी उठवताना रोजची लढाई. सर्दी एक संपली की दुसरी. आम्ही टॅबलेटला दोष दिला, शाळेला दिला, थंडीला दिला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बराच कमी. त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि सहज विचारलं, "चहा पितो का? जेवणाबरोबर पितो का?" मला जरा रागच आला. मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच पितात, ती आमची परंपरा आहे.

घरी परत येताना डोक्यात आलं, परंपरा खरी, पण कधीपासूनची? माझी आई प्यायची, आजी प्यायची. पणजी? खापरपणजी? तिथे माझं उत्तर संपलं. मी डॉक्टर नाही, पण इतिहासाची पुस्तकं वाचायची खोड जुनी आहे. म्हणून शोधायला बसले आणि जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात पुण्यातून करू. साल १८९०, महिना ऑक्टोबर. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली शिकलेली मंडळी जमली होती. त्यात ४८ वर्षांचे न्यायमूर्ती रानडे होते, ३४ वर्षांचे टिळक होते, २४ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा दिला. काहींनी प्यायला, काहींनी नुसता हातात धरला, काहींनी बाजूला ठेवला. विषय तिथेच संपायचा. पण हजर असलेल्यांमध्ये गोपाळराव जोशी होते, म्हणजे आनंदीबाई जोशींचे यजमान. या गृहस्थांना अशा गमती करायची भारी हौस. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या सनातनी पत्रात छापून आणली. झालं! ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा प्यायले म्हणून पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा सुरू झाली. पुढे टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारक त्यांच्यावरच नाराज झाले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा सगळा मनस्ताप लिहून ठेवला आहे.

आता यात एक गोष्ट बघा. एवढा गहजब झाला, पण चहा प्रकृतीला बरा की वाईट, झोपेचं काय होतं, यावर वाद नव्हताच. वाद होता तो कप कोणाच्या हातचा यावर. म्हणजे अगदी पहिल्यापासून आपल्याकडे चहा हा पेय म्हणून कमी आणि नात्याची खूण म्हणून जास्त मोजला गेला. १८९० मध्ये चहा घेतला म्हणून माणूस वाळीत पडत होता. आज कोणाच्या घरी जाऊन "चहा नको" म्हटलं तर यजमानीण नाराज होते. उलटं झालं, पण मुद्दा तोच राहिला. "मुलाला चहा नको" असं मी आईला सांगू शकत नव्हते, त्याचं मूळ इथे आहे.

त्या काळात सामान्य मराठी घरात पाहुणा आला तर त्याच्यापुढे गूळ-पाणी यायचं. सकाळी न्याहारीला भाकरी, आंबील, रात्रीचं उरलेलं काहीतरी. चहा होता तो शहरातल्या थोड्या घरांत, साहेबाच्या ऑफिसात, आणि औषध म्हणून. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ मध्ये झाला, पण त्यानंतरची साठ-एक वर्षं भारतात पिकणारा चहा मुख्यतः जहाजात चढायचा. मळेवाल्यांना आपण गिऱ्हाईक म्हणून दिसतच नव्हतो.

मग चित्र बदललं कधी? उत्पादन वाढलं, भाव पडले, नवी बाजारपेठ हवी झाली. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने चहाच्या निर्यातीवर एक छोटा कर बसवायचा कायदा केला. तो मळेवाल्यांनीच मागून घेतला होता. त्या पैशातून चहाची जाहिरात करायची. टी सेस कमिटी नावाची संस्था त्यासाठी उभी राहिली आणि काही वर्षांतच तिचा मोर्चा हिंदुस्थानातल्या माणसाकडे वळला. रेल्वे स्टेशनांवर फेरीवाल्यांना किटल्या आणि कप दिले गेले. चहा कसा करायचा याच्या सूचना लिहिलेले फलक देशी भाषांतून लागले. शहरांत माणसं घरोघरी जाऊन चहा करून दाखवायची, फुकट पाजायची. १९३० च्या मंदीत चहाचे ढीग साठले तेव्हा तर ही मोहीम आणखी जोरात चालली, आणि १९३७ मध्ये या संस्थेचं नावच इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड झालं. नावातच सगळं आलं की नाही?

गंमत म्हणजे त्यांनी शिकवलेला चहा आपल्या लोकांनी तसा केलाच नाही. आपण दूध वाढवलं, साखर वाढवली, आलं-वेलची घातली, आणि पत्ती कमी टाकली. प्रचारकांना हे अजिबात पसंत नव्हतं, कारण पत्ती कमी खपत होती. ज्याला आपण आज अस्सल देशी चहा म्हणतो, तो एका जाहिरात मोहिमेला आपण दिलेलं काटकसरी उत्तर आहे.

पण नुसत्या जाहिरातीने कोणाला सवय लागत नाही, गरजही लागते. ती गरज मुंबईच्या गिरण्यांत तयार झाली. पंचहौदचा चहा झाला त्याच वर्षी, १० जून १८९० ला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याआधी आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. पण दिवस मात्र लांबच राहिला. आधी निदान सूर्य मावळला की काम थांबायचं. १९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं चाळीत एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपायची. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. बारा तास, आणि ही सुधारणा!

अशा माणसाच्या डोळ्यावर दुपारी झापड येणारच. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहावाल्यांनी कारखाने, खाणी, कापड गिरण्या इथे चहाच्या टपऱ्या उभ्या केल्या, आणि मालकांना पटवलं की चहा प्यायलेला मजूर जास्त काम करतो. खोटं नव्हतं ते. फक्त एक सांगायचं राहिलं. चहाने थकवा जात नाही, थकव्याची जाणीव जाते. झोपेचं देणं तसंच राहतं, तगादा करणारा तेवढा दाराबाहेर थांबतो.

तिकडे मुंबईत इराणी हॉटेलं उभी राहत होती (धोबीतलावचं कयानी १९०४ चं), पुण्यात १९२० च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांची अमृततुल्यं सुरू झाली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जिथे एका कपावरून ग्रामण्य झालं, त्याच पुण्यात चौकाचौकात पितळी भांड्यात चहा उकळायला लागला. याच सुमाराला, १९३० मध्ये, आसाममध्ये पत्ती चिरडून, फाडून, वळवणारं यंत्र निघालं, ज्याला आपण सीटीसी म्हणतो. बारीक दाणेदार, पटकन रंग सोडणारी, दुधात टिकणारी आणि स्वस्त पत्ती. स्वातंत्र्यानंतर ती गावोगाव पोचली. पाव किलोचं पुडकं, कप-बशी, आणि बघायला आलेल्या मुलाकडच्यांपुढे चहा-पोहे. माझ्या आजीला चहाशिवाय सकाळ माहीत नव्हती. तिच्या आजीला चहा माहीत असेलच असं नाही. म्हणजे आपली परंपरा ही मोजून चार-पाच पिढ्यांची.

मध्ये एक माणूस "नको" म्हणत होता, तोही पुण्यातूनच. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, 'आरोग्याची गुरुकिल्ली' म्हणून आपण ते ओळखतो. त्यात त्यांनी चहातल्या टॅनिनवर बोट ठेवलं होतं. कातडी कमावायला वापरतात तोच पदार्थ, पोटात कशाला, असा त्यांचा रोख होता. त्यांचं कारण आजच्या विज्ञानाने तंतोतंत बरोबर ठरवलं नाही. पण टॅनिनवरचं बोट अगदीच चुकीच्या जागी नव्हतं. ते पुढे येईलच.

आता इकडचं बघा. आपल्याला वाटतं चहा आपण सूटकेसमधून इथे आणला. तसं नाही. मळेवाल्यांची तीच लाट त्याच दशकात कॅनडातही आली होती. टोरोंटोत पीटर लार्किन यांनी १८९२ मध्ये सलाडा नावाने सिलोनचा चहा विकायला सुरुवात केली. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनमध्ये रेड रोझ चहा १८९४ चा. म्हणजे पुण्यात रानडे प्रायश्चित्त घेत होते त्या वर्षी टोरोंटोत भारत-सिलोनच्या चहाचं दुकान थाटलं जात होतं. आणि कॉफीचं म्हणाल तर टिम हॉर्टन्सचं पहिलं दुकान १९६४ मध्ये शेजारच्या हॅमिल्टनमध्ये निघालं, कंपनीचं मुख्य कार्यालय कितीतरी वर्षं आपल्या ओकव्हिलमध्येच होतं. दुपारी चारला ड्राइव्ह-थ्रूची रांग बघा आणि गिरणीच्या दारातली टपरी आठवा. जागा बदलली, कपाला झाकण आलं, बाकी माणूस तोच. डोळ्यावर झापड आलेला, अजून तीन तास काम उरलेला.

तर मग त्या कपात असतं तरी काय? १८१९ मध्ये जर्मनीत फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून एक पांढरा पदार्थ वेगळा काढला, तो कॅफीन. १८२७ मध्ये चहातून असाच पदार्थ निघाला, त्याला थीन नाव दिलं गेलं. दहा-अकरा वर्षांत कळलं की दोन्ही एकच आहेत. म्हणून कोणी "चहात कॅफीन नसतं हो, ते कॉफीत" म्हणालं तर हसून सोडून द्या. कॉफीपेक्षा कमी असतं, एवढंच खरं.

ते काम कसं करतं हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितका जास्त साठतो तितकी झोप येते. त्याला बसायला मेंदूत ठराविक जागा असतात. कॅफीनचा आकार त्याच्यासारखाच, त्यामुळे ते त्या जागा अडवून बसतं. लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. अॅडेनोसिन बाहेर उभंच असतं, पण त्याला बसता येत नाही, म्हणून मेंदूला वाटतं झोप आलेली नाही. गिरणीतल्या माणसाचं नेमकं हेच होत होतं.

आणि हा रुमाल लवकर उचलला जात नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला सात-आठ, हे बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं. म्हणून एखादे काका रात्री दहाला चहा पिऊन घोरतात आणि दुसऱ्याला चारच्या कपाने जाग राहते. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच वेळ पंधरा तासांच्या आसपास जाऊ शकतो, आणि नवजात बाळाला तर काही दिवस लागतात. २०१३ मध्ये आपल्याइथून चार तासांवरच्या डेट्रॉइटमध्ये एक प्रयोग झाला. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तर एक तासाहून जास्त झोप कमी झाली. मात्र झोपणाऱ्यांना स्वतःला तितकं जाणवलं नव्हतं. खरं सांगायचं तर ४०० मिलिग्रॅम म्हणजे चहाचे आठ-एक कप, त्यामुळे एका कपाने तासभर झोप जाईल असं नाही. पण "मला काही फरक पडत नाही" ही आपली साक्ष फार भरवशाची नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मुलांचं गणित वेगळं, कारण वजन कमी. हेल्थ कॅनडाच्या मर्यादा अशा आहेत: ४ ते ६ वर्षांच्या मुलांना दिवसाला ४५ मिलिग्रॅम, ७ ते ९ ला ६२.५, १० ते १२ ला ८५. तेरा वर्षांपुढे किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या मुलीला १२५. मोठ्यांना ४००, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ३००. त्यांच्याच हिशोबाने चहाच्या एका मोठ्या कपात सुमारे ५० मिलिग्रॅम असतं, कोलाच्या कॅनमध्ये ३६ ते ४६. आता मांडा. आठ वर्षांच्या मुलाने आजीबरोबर एक कप चहा आणि वाढदिवसाच्या पार्टीत एक कोला घेतला की दिवसाची मर्यादा ओलांडली. ही मर्यादा आहे हं, "एवढं द्यावं" असं नाही.

आणि झोप कशाला लागते? कॅनडाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १३ वयाला ९ ते ११ तास, १४ ते १७ ला ८ ते १० तास. दिवसभर शिकलेलं मेंदू रात्री पक्कं करतो. मुलांना आपण शनिवारी मराठीच्या वर्गाला नेतो, रविवारी तबला, बुधवारी गणित. ते सगळं डोक्यात बसायची वेळ रात्रीची. सर्दीचंही तेच. २०१५ मध्ये अमेरिकेत १६४ मोठ्या माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून बघितलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून थोडी अधिक निघाली. आपण आल्याचा चहा सर्दीवर देतो, आणि तो संध्याकाळी सातला देतो!

आता गांधीजींच्या टॅनिनकडे येते. १९७५ मध्ये 'गट' नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास छापून आला. त्यातल्या स्त्रिया भारतीय वंशाच्या होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच पोटापाण्यासाठी समुद्रापार गेलेल्यांच्या लेकी-सुना. त्यांना पाव, भात असं साधं जेवण दिलं, कधी पाण्याबरोबर, कधी चहाबरोबर. चहाबरोबर घेतलं की जेवणातलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण निम्म्याहूनही बरंच खाली आलं. चहातली टॅनिनं पोटातच लोहाला धरून ठेवतात. मटण-मासळीतल्या लोहावर याचा परिणाम फारसा होत नाही. पालक, डाळी, पोहे, नाचणी यांतल्या लोहावर होतो. म्हणजे फटका बसतो तो शाकाहारी ताटाला. चहा-पोहे हे आपलं लाडकं जोडपं घ्या. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम, त्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. आणि वर लगेच चहा पिऊन आपण त्या मदतीवर पाणी ओततो.

लोहाचा आणि डोक्याचा संबंध थेट आहे. रक्तातून प्राणवायू नेण्यापासून मेंदूतल्या रसायनांपर्यंत ते लागतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींना संख्येने वाढायलाही लागतं. लोह कमी असलं की काहींना रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात आणि झोप लागत नाही. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय निघाला. त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर चहावर फोडणं चुकीचं होईल. पण आपण मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या चहाबरोबर गिळायला लावायच्या, हे तरी थांबवता येतं. उपाय सोपा आहे. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवलं की बरंच नुकसान टळतं.

तर आमच्या घरी काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, ती नियमाने चालू ठेवली. (तुम्ही मनाने देऊ नका, आधी रक्त तपासा. लोह जास्त झालेलंही धोक्याचं असतं.) राहिला चहा. आईला कसं सांगायचं? "मुलाला चहा देऊ नकोस" म्हटलं असतं तर तिने ते "तुझ्या हातचं नको" असंच ऐकलं असतं. एकशे तीस वर्षांपूर्वीचं ग्रामण्य आमच्या किचनमध्ये उभं राहिलं असतं.

म्हणून मी तिला पंचहौदची गोष्ट सांगितली. टिळक आणि रानड्यांची. ती पुण्याची, तिला ती अर्धी ठाऊक होतीच. मग गिरणीची सांगितली. तिथे ती गप्प झाली. तिचे वडील परळच्या गिरणीत होते. म्हणाली, "बाबा रात्रपाळीला निघताना आई फिरकीच्या तांब्यातून चहा द्यायची बरोबर. झोप येऊ नये म्हणून." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "याला कुठे रात्रपाळीला जायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून तिने पोराला गवती चहा, आलं आणि थोडा गूळ घालून उकळून द्यायला सुरुवात केली. नावात चहा आहे, पण त्यात पत्ती नाही, कॅफीन नाही. बशी तीच, फुर्र तेच, खारी तीच. आमचा मोठ्यांचा संध्याकाळचा चहा सातवरून चारवर आला, तोही सुटीच्या दिवशी. कामाच्या दिवशी माझा शेवटचा कप ऑफिसात दोनला. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखलं, ते कॅफीन कमी झाल्याचं असतं, नंतर गेलं. सकाळचा चहा नाश्त्याआधी, पोटभर खाल्ल्यावर लगेच नाही. पोराची झोप एका रात्रीत सुधारली नाही. तीन-चार आठवडे गेले, मग तो साडेनऊला डोळे चोळायला लागला. चहामुळे किती, गोळीमुळे किती, स्क्रीन लवकर बंद केल्यामुळे किती, हे मला सांगता येणार नाही आणि तसा दावाही मी करत नाही.

चहा सोडा असं मी म्हणत नाहीये. मी सोडलेला नाही. परदेशात आपल्याला घर म्हणून जे थोडं उरतं त्यात उकळणाऱ्या आल्याचा वास आहे, तो मी कशाला घालवू? एवढंच म्हणते की ही सवय आपल्या हाडामासाची नाही. कोणीतरी कर बसवून, किटल्या वाटून, दिवस लांबवून ती आपल्याला लावली. आपण तिच्यात दूध-वेलची घालून ती आपलीशी केली. एकदा बदलून घेतली, तर पुन्हा एकदा घेता येईल. रात्रपाळीच्या माणसाचा चहा सहावीतल्या पोराला नको.

वेळेला चहा लागतो, हे खरंच. पण चहालाही वेळ असते.

तुमच्या घरी शेवटचा कप किती वाजता असतो? आणि तुमच्या घरात चहा पहिल्यांदा कोणाच्या पिढीत आला, हे आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारून जरूर कळवा. या रविवारी भारतात फोन कराल तेव्हा विचारायला हा एक चांगला विषय आहे.